चित्र का तुटते?

विदर्भातील शाळा उन्हाच्या तीव्रतेमुळे जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. इसवी सन २०२० साली मात्र जून सरला, जुलै अर्धा उलटला, तरी शाळांची कुलुपे निघाली नाहीत. करोनाच्या साथीमुळे मुले घरीच होती. ज्यांच्या घरी इंटरनेट असलेला मोबाईल होता, त्यांचा अभ्यास कसाबसा सुरू झाला. परंतु तशी सोय प्रत्येक घरी कोठून असणार? अशा मुलांसाठी २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलिमिली' नावाची पाठमालिका सुरू झाली. पहिलीपासून आठवीपर्यंतच्या प्रत्येक इयत्तेस वेळ नेमून दिलेली होती. त्या वेळी संचासमोर बसावे आणि पाठ पाहावा, एवढेच करावयाचे होते. अट एकच होती. संचावर चित्र नीट दिसावयास हवे.

ही अट वाटते तेवढी साधी नाही. पाठ चालू असता चित्राचे अकस्मात चौकोनी तुकडे पडतात, शिकविणाऱ्या बाईंचा हात हवेतच थांबतो, आवाज तुटतो, आणि थोड्याच वेळात 'सिग्नल नाही' अशी पाटी झळकते. घरातील वडीलधारी माणसे संचाला एक थापटी मारतात, रिमोटमधील घट काढून पुन्हा बसवितात, आणि अखेर केबलवाल्याच्या नावाने बोटे मोडतात. या सर्व उपायांचा चित्राशी फारसा संबंध नसतो. चित्र का तुटते हे कळले, तर ते कोठे तुटते हेही शोधून काढता येते.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच पडलेले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा भाग. आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा घाटाखालचा. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा उभा आहे. हा कडा जसा वाऱ्याला आणि पावसाला अडवितो, तसाच तो दूरदर्शनच्या लहरींनाही अडवितो. या लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगराच्या पाठीशी जशी सावली पडते, तशी या लहरींचीही सावली पडते, आणि त्या सावलीत सापडलेल्या गावाला प्रक्षेपण नीट मिळत नाही.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी विदर्भापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. पुढे १९८३ च्या ऑगस्ट महिन्यात 'इन्सॅट-१ ब' हा उपग्रह अवकाशात गेला आणि देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. त्या काळी घराच्या छपरावर बांबूला बांधलेला अॅल्युमिनियमचा अँटेना असे. एकाने वर चढून तो फिरवावयाचा, दुसऱ्याने खिडकीतून ओरडावयाचे, "आता दिसतंय! थांब, गेलं!" चित्रावर मुंग्या आल्या, किंवा प्रत्येक माणसाशेजारी त्याची सावलीसारखी दुसरी आकृती दिसू लागली, तर लहर दुबळी आहे वा डोंगरावर आदळून दोन वाटांनी येत आहे असे समजावे. ती प्रक्षेपण केंद्रे आता बहुतांशी बंद झाली आहेत.

केबलचा जन्मही डोंगराच्या सावलीतच झाला, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियासारख्या डोंगराळ प्रांतांतील काही गावांना शहरातील प्रक्षेपण दिसत नसे. तेव्हा तेथील काही खटपटी लोकांनी टेकडीच्या माथ्यावर एकच उंच अँटेना उभारला आणि तेथून तारा टाकून खाली दरीतील घराघरांत चित्र पोहोचविले. सर्वांचा मिळून एक अँटेना, ही त्यामागील साधी कल्पना. भारतात केबल आली ती १९८० नंतर, प्रथम मुंबईच्या उंच इमारतींत. आणि १९९१ नंतर उपग्रहावरील वाहिन्या आल्यावर ती खेडोपाडी पसरली. तिचे नियमन करणारा कायदा १९९५ साली झाला. २०१२ साली मुंबईसारख्या महानगरांत केबलचे अंकीय प्रक्षेपण सक्तीचे झाले, आणि २०१७ पर्यंत तो नियम लहान गावांनाही लागू झाला. घरोघरी संचाशेजारी जी लहानशी पेटी दिसते, जिला सगळे 'सेट टॉप बॉक्स' म्हणतात, ती तेव्हापासूनची.

आता चित्राचा प्रवास पाहावा. पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडून आलेली लहर केबलवाल्याच्या कंट्रोल रूमवरील मोठ्या छत्रीत पडते. तेथे अनेक वाहिन्या एकत्र गुंफल्या जातात. तेथून काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून त्या प्रकाशाच्या रूपाने गावात येतात. गावात एका डब्यात या प्रकाशाचे पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर होते. पुढे त्या लहरी काळ्या केबलमधून खांबाखांबावरून जातात. वाटेत त्या मंदावल्या की अॅम्प्लिफायर नावाचे यंत्र त्यांचे बळ वाढविते. शेवटी घराजवळच्या खांबावरील लहान पेटीतून, जिला केबलवाले 'टॅप' म्हणतात, एक तार घरात शिरते. छत्तीस हजार किलोमीटर निर्वेध आलेले चित्र पुष्कळदा या शेवटच्या तीस-चाळीस मीटरांत हरवते.

ही काळी तार साधी नव्हे. ती मधोमध कापली तर आत चार थर दिसतात. अगदी मध्यभागी तांब्याची, किंवा तांब्याचा मुलामा दिलेली एक तार. तिच्याभोवती पांढरा फेसाळ थर. त्यावर चंदेरी वर्ख आणि बारीक तारांची जाळी. आणि सर्वांत वर काळे आवरण. लहर जाते ती मधली तार आणि जाळी यांच्या दरम्यानच्या पांढऱ्या थरातून. जाळी तिला कुंपणासारखी सांभाळते. आतील लहर बाहेर सांडत नाही आणि बाहेरील गोंगाट आत शिरत नाही. अशा केबलचे पेटंट १८८० साली ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज गृहस्थाने घेतले होते. सोळाव्या वर्षीच त्याची शाळा सुटली होती. तार कंपनीत नोकरी करता करता त्याने गणित स्वतःच शिकून घेतले.

या केबलचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तिच्यातून जाताना लहर सतत क्षीण होत असते, आणि लहरीची कंपनसंख्या जितकी अधिक तितकी ती अधिक क्षीण होते. हे क्षीण होणे 'डेसिबल' या मापाने मोजतात. या मापाचा हिशेब बेरीज-वजाबाकीने होतो, म्हणून तो कारागिरांना सोयीचा वाटतो. तीन डेसिबल घटले की लहरीची शक्ती निम्मी उरते; दहा घटले की एक दशांश उरते; वीस घटले की शतांश. घरगुती वापराच्या चांगल्या केबलच्या शंभर मीटरांत, वाहिन्यांच्या मधल्या पट्ट्यात, सुमारे सोळा डेसिबल घटतात. म्हणजे तीस मीटरांत पाच. एका तारेच्या दोन वाटा करणारा स्प्लिटर बसविला तर प्रत्येक वाटेवर आणखी साडेतीन डेसिबल जातात, आणि चार वाटा केल्या तर सात. एका भाकरीचे चार वाटे केले असता प्रत्येकाला चतकोरच मिळावयाची; येथेही तोच न्याय.

तथापि केवळ लहर दुबळी झाल्यानेच चित्र तुटते असे नाही. पेटीच्या माहितीच्या पानावर दोन पट्ट्या दिसतात. एक लहरीच्या बळाची आणि दुसरी तिच्या गुणवत्तेची. पुष्कळ लोक पहिलीच पट्टी पाहतात. खामगावच्या बाजारात भर गर्दीत दोन माणसे बोलत आहेत असे समजा. बोलणाऱ्याचा आवाज मोठा असला, पण भोवतालचा कलकलाट त्याहून मोठा असला, तर शब्द ऐकू येत नाहीत. उलट रात्रीच्या निवांत वेळी हलक्या आवाजात बोललेलेही स्पष्ट कळते. आवाज किती मोठा, हे झाले बळ. शब्द किती स्पष्ट, ही झाली गुणवत्ता. पेटीला खरी गरज असते ती दुसऱ्या गोष्टीची.

अंकीय प्रक्षेपणात चित्र आकड्यांच्या रूपाने येते. वाटेत काही आकडे बिघडणार हे गृहीत धरून त्यांच्याबरोबर पडताळ्याचे जादा आकडे पाठविले जातात. बाजारात एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला ओरडून सांगितले, "कापूस बारा क्विंटल, सोयाबीन सात, तूर पाच, एकूण चोवीस." यातील 'सात' हा शब्द गोंगाटात बुडाला, तरी ऐकणारा तो बेरजेवरून शोधून काढील. परंतु 'सात' आणि 'पाच' असे दोन्ही शब्द बुडाले तर मात्र त्याचा इलाज चालणार नाही. पेटी असेच करते. तिचे गणित तेवढे अधिक कुशल असते. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली शोधलेली युक्ती त्यासाठी वापरतात. केबलच्या प्रक्षेपणात १८८ आकड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे पडताळ्याचे १६ आकडे असतात, आणि त्यांच्या साहाय्याने गठ्ठ्यातील आठ चुकांपर्यंत दुरुस्ती होते. नववी चूक झाली की तो गठ्ठा वाया जातो.

यामुळेच जुने चित्र आणि नवे चित्र बिघडण्याच्या रीतीत मोठा फरक पडला. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाणारा रस्ता राजूर घाटातून वळणे घेत हळूहळू खाली उतरतो. जुने चित्र तसे बिघडे. आधी चार मुंग्या, मग अधिक मुंग्या, मग खरखर. नवे चित्र पठाराच्या कडेने चालणाऱ्या माणसासारखे असते. कड्याच्या टोकापर्यंत त्याची चाल उत्तम असते, आणि पुढचे पाऊल दरीत पडते. काल स्वच्छ दिसत होते म्हणून आज बिघाड पेटीतच असला पाहिजे, असा तर्क लोक करतात. खरे पाहता कालही ते कड्यावरच उभे असण्याचा संभव असतो.

आता मेहकरसारख्या एखाद्या गावातील एक घर डोळ्यांपुढे आणावे. घरात आजोबा, आई आणि दोन भावंडे आहेत. वडील कामानिमित्त परगावी असतात आणि मोबाईल त्यांच्याजवळ असतो. थोरली मुलगी सातवीत आहे. जुलै महिना, २०२० साल. तिच्या इयत्तेचा पाठ लागला की आठवड्यातून तीन-चार दिवस चित्र तुटते, आणि तुटलेला पाठ पुन्हा कोठे पाहावा हे तिला ठाऊक नाही. आजोबा म्हणतात, "पेटीच बाद झालेली दिसते. नवी घ्यावी लागेल." आईच्या मनात नव्या पेटीच्या पैशांचा हिशेब सुरू होतो.

मुलीने एक काम केले. वहीच्या शेवटच्या पानावर ती रोज नोंद करू लागली: तारीख, वेळ, हवा, कोणत्या वाहिन्या तुटल्या आणि कोणत्या नीट दिसल्या. सहा दिवसांत त्या पानावर तीन गोष्टी आपोआप स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, सगळ्या वाहिन्या तुटत नाहीत. सह्याद्रीबरोबर ठरावीक आठ-दहा वाहिन्याच तुटतात. दुसरी अशी की, रात्री पाऊस झाला म्हणजे सकाळी चित्र तुटते, आणि दुपारी ऊन पडल्यावर बरेचसे सुधारते. तिसरी अशी की, शेजारच्या काकूंच्या घरी त्याच वेळी तीच वाहिनी स्वच्छ दिसते.

या तीन नोंदींनी निम्मा शोध लागला. केबलमध्ये एकाच कंपनसंख्येच्या लहरीवर अनेक वाहिन्या स्वार झालेल्या असतात. म्हणून एक लहर बिघडली की तिच्यावरील सर्व वाहिन्या एकदम जातात. एकच वाहिनी गेली असती तर दोष कंट्रोल रूममध्ये, आणि सर्वच्या सर्व गेल्या असत्या तर तार निसटली, वीज गेली किंवा वर्गणी थकली असे समजता आले असते. काकूंच्या घरी चित्र नीट आहे, म्हणजे उपग्रह, छत्री, काचेचा तंतू आणि खांबावरील अॅम्प्लिफायर हे सर्व निर्दोष ठरले. आणि दोष पावसाबरोबर येतो व उन्हाबरोबर जातो, म्हणजे तो उघड्यावर कोठेतरी असला पाहिजे. पेटी तर घरात कोरड्या फळीवर होती!

आजोबांनी मात्र गावातून एक लहान अॅम्प्लिफायर आणविला. तो पेटीच्या मागे जोडला. बळाची पट्टी एकदम वर चढली. पण चित्र होते तसेच तुटत राहिले. डागाळलेले अक्षर भिंगाखाली धरले तर अक्षराबरोबर डागही मोठा दिसतो. अॅम्प्लिफायर लहरीला वाढवितो, तसा तिच्यात मिसळलेल्या गोंगाटालाही वाढवितो, आणि वर स्वतःचा थोडा गोंगाट मिळवितो. त्याची जागा लहर स्वच्छ असते तेथे, म्हणजे वाटेच्या आरंभी असते. हे यंत्र अस्थानी लावून घरोघरी किती पैसे वाया जातात, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

अॅम्प्लिफायर काढून ठेवला. मग मुलीने आईच्या देखत संचाची आणि पेटीची वीज बंद करून पेटीमागील जोडणी पाहिली. केबलच्या टोकाला असलेली पितळी रंगाची पिन सैल झाली होती. ती बोटांनी घट्ट आवळली. चित्र सुधारले नाही. तेव्हा तिने तेथेच थांबून वहीत तशी नोंद केली. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा, ही शोधाची रीत आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र सुधारले, तर कोणत्या गोष्टीने सुधारले हे कधीच कळत नाही.

पिनेनंतर स्प्लिटरची पाळी आली. धाकटे काका याच घरी राहत असताना त्यांच्या खोलीत दुसरा संच होता. ते पुण्यास गेले, संच गेला, पण स्प्लिटर आणि त्यांच्या खोलीकडे जाणारी तार तशीच राहिली. त्या तारेचे दुसरे टोक भिंतीशी नुसते लोंबत होते. अशा उघड्या टोकाशी पोहोचलेली लहर पुढे जावयास वाट नसल्यामुळे माघारी फिरते. विहिरीच्या कठड्याशी उभे राहून हाक मारली असता प्रतिध्वनी मूळ हाकेत मिसळतो, तशी ती मूळ लहरीत मिसळून घोटाळा करते. म्हणून रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचे टोपण बसवावे लागते. केबलची घडणच ७५ ओहमची असल्यामुळे लहर त्या टोपणात मुकाट्याने जिरून जाते. येथे तर स्प्लिटरची गरजच उरली नव्हती. तो काढून तार सरळ पेटीला जोडली. गुणवत्तेची पट्टी वर आली, आणि त्या दिवशी पाठ अखंड दिसला.

आजोबा म्हणाले, "झाले बरे काम!"

मुलगी म्हणाली, "आजोबा, आज पाऊस कुठे आहे? पाऊस पडल्यावर बघू."

दोन दिवसांनी रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी चित्र पुन्हा तुटले. पूर्वीपेक्षा कमी, पण तुटले. मुलीचे म्हणणे खरे ठरले. स्प्लिटरचा दोष लहान होता आणि खरा दोष अजून सापडावयाचा होता. दोन दोष एकाच वेळी असले म्हणजे पुष्कळ चांगले कारागीरही फसतात. लहान दोष सापडताच ते समाधान पावतात.

आता पुढचे काम मुलांचे नव्हते. खांबावर केबलच्या शेजारीच विजेच्या तारा असतात, आणि पावसात ओल्या भिंतीवर शिडी लावणे म्हणजे प्राणाशी खेळ. खांबावर चढणे, अंगणात लोंबणारी अनोळखी तार हातात धरणे, संचाचे वा पेटीचे झाकण उघडणे, यांपैकी काहीही मुलांनी करू नये. आणि आकाशात विजा चमकत असताना तर केबलला स्पर्शही करू नये.

केबलवाले काका तोंडाला मास्क बांधून आले. त्यांनीही आरंभी पेटीवरच संशय घेतला आणि सोबत आणलेली दुसरी पेटी जोडली. तीच वाहिनी तशीच तुटली. मुलीने वही पुढे केली. "काका, रात्री पाऊस झाला की असं होतं," ती म्हणाली. काकांनी ते पान उभ्या उभ्याच वाचले आणि पिशवीतून मोजणीचे यंत्र काढले. या यंत्रावर साठ डेसिबल हा आकडा दिसला म्हणजे केबलमध्ये व्होल्टाच्या हजाराव्या भागाइतका दाब आहे असे समजावयाचे. बऱ्याच पेट्यांना साधारणपणे ४५ ते ७० या दरम्यानचा आकडा मानवतो. त्याहून फार मोठा आकडाही त्यांना पचत नाही.

काकांनी शिडी लावून खांबावरील टॅपपाशी त्या वाहिनीची लहर मोजली. आकडा आला ६६. मग घरात, पेटीच्या टोकाशी मोजली. आकडा आला ४३. खांबापासून घरापर्यंत केबल होती तीस मीटर. तिच्यात पाच डेसिबल घटणे रास्त होते. म्हणजे घरात ६१ यावयास हवे होते. अठरा डेसिबल कोठेतरी गळत होते. तीन डेसिबलांना शक्ती निम्मी होते, या हिशेबाने अठरा डेसिबलांत ती सहा वेळा निम्मी झाली. खांबावरून निघालेल्या लहरीचा रास्त वाटा एक रुपया मानला, तर घरात दोन पैसेदेखील पोहोचत नव्हते.

काका केबलच्या वाटेने नजर फिरवीत निघाले. पत्र्याच्या वळचणीखाली, जेथे पागोळ्या पडतात नेमके तेथेच, काळ्या चिकटपट्टीचा एक गोळा दिसला. वानरांनी उड्या मारून तोडलेली केबल पूर्वी कोणीतरी तेथे सांधली होती. पट्टी सोडताच आतून पाण्याचे दोन थेंब ओघळले. मधल्या तारेवर हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता आणि बाहेरची जाळी काळी पडून तिचा भुगा होत होता. पाऊस पडला की या सांध्यात पाणी भरे. उन्हाने थोडे आटले की चित्र परत येई. अधिक कंपनसंख्येच्या लहरींना हा सांधा अधिक जाचत असावा, आणि सह्याद्रीची लहर बहुधा त्यांपैकीच होती. म्हणून इतर वाहिन्या धडधाकट दिसत राहिल्या.

नवा सांधा करण्याऐवजी काकांनी खांबापासून घरापर्यंत अखंड केबल ओढली. पाणी एकदा आत शिरले की ते जाळीच्या बारीक तारांमधून दिव्याच्या वातीतील तेलासारखे दूरवर सरकत जाते, तेव्हा जुन्या केबलचे नुसते टोक कापून भागत नाही. भिंतीच्या भोकाजवळ त्यांनी केबलला खाली एक झोळ दिला आणि मग ती वर वळवून आत घेतली. केबलवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडते. ते घरात किंवा पिनेत शिरत नाही. एवढा वीतभर झोळ ठेवण्याचा कंटाळा केल्यामुळे कितीतरी पेट्या ओलीने खराब झालेल्या आहेत. काकांनी पुन्हा यंत्र लावले. आकडा आला ६१.

केबलचे सर्वच बिघाड पावसाचे नसतात. उन्हाळ्यात घाटाखाली पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा काळे आवरण उन्हाने तडकते. खारी आणि उंदीर ते कुरतडतात. गल्लीतील वीज गेली तर घरात इन्व्हर्टर असूनही चित्र जाते, कारण खांबावरील अॅम्प्लिफायर उपाशी राहतो. पावसाची सर आली की ज्यांच्या घरावर स्वतःची लहान छत्री आहे त्यांचे चित्र जाते आणि केबलचे टिकते, हेही पुष्कळांनी पाहिले असेल. लहान छत्रीसाठी वापरलेल्या आखूड लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात. कंट्रोल रूमवरील मोठ्या छत्र्यांच्या लहरी बहुधा त्याहून लांब असतात आणि त्यांना सरींचा फारसा उपद्रव होत नाही.

एक बिघाड तर सूर्य स्वतः करतो. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस असे येतात की, दिवसा ठरावीक वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. सूर्याकडूनही सर्व प्रकारच्या लहरी येत असतात. छत्रीचे तोंड उपग्रहाकडे असल्यामुळे त्या क्षणी ते सूर्याकडेही होते, आणि उपग्रहाचा क्षीण आवाज सूर्याच्या प्रचंड कोलाहलात बुडून जातो. मग जिल्ह्यातील घाटावरच्या आणि घाटाखालच्या सर्व घरांतील त्या वाहिन्या काही मिनिटे एकदम जातात, आणि कोणी काहीही न करता एकदम परत येतात. अशा वेळी शेजारच्या घरी डोकावून यावे आणि घड्याळ पाहून ठेवावे. दुसऱ्या दिवशीही जवळजवळ त्याच वेळी चित्र गेले, तर केबलवाल्यास बोलावण्याचे कारण नाही.

स्वाध्याय

१. मुलीच्या वहीतील तीन नोंदींवरून कोणकोणते भाग निर्दोष ठरले व का, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. टॅपपाशी आकडा ६४ आहे. केबल साठ मीटर आहे आणि घरात चार वाटांचा स्प्लिटर आहे. पेटीपाशी सुमारे किती आकडा यावा? तो पेटीला मानवेल काय?

३. 'बळ' आणि 'गुणवत्ता' यांतील फरक बाजाराखेरीज दुसरे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. चिकटपट्टीचा सांधा, वीतभर झोळ, पागोळ्या, वळचण: हे चार शब्द घेऊन आपल्या घराच्या छपराचे पाच-सहा वाक्यांत वर्णन करा.

५. आपल्या घरी येणाऱ्या केबलची वाट जमिनीवर उभे राहून, कोठेही हात न लावता पाहा आणि तिचे रेखाचित्र काढा.